खाणारी तोंडे, राबणारे हात : चीनच्या लोकसंख्येचा धडा आणि आपण



मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने चीनच्या अर्थकारणावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या आयुष्यभराच्या एका कामाचा अर्थ मला चीनविषयी वाचताना उमगला. ते काम कोणते, हे शेवटी सांगेन. आधी विषयाची ओळख करून घेऊ.

१. शब्दांची साक्ष

चीन म्हटले की माझ्या पिढीच्या मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि १९६२ चे युद्ध. त्यापलीकडचा चीन आपण फारसा जाणून घेतला नाही. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. माझा सारा व्यवहार शब्दांशी झाला, म्हणून आरंभही शब्दांपासूनच करतो.

चिनी भाषेत लोकसंख्येला ‘रेन्खोउ’ म्हणतात. दोन चित्राक्षरांचा हा शब्द आहे. पहिल्याचा अर्थ माणूस, दुसऱ्याचा अर्थ तोंड. कामाला माणसे कमी पडली की तोच चिनी माणूस ‘रेन्शोउ’ हा शब्द वापरतो. त्यातील दुसऱ्या अक्षराचा अर्थ हात. आपल्याकडेही सोयरीक जुळविताना वडीलधारी माणसे ‘घरात खाणारी तोंडे किती आणि राबणारे हात किती’ असे विचारीत. जनगणनेला मराठीत ‘खानेसुमारी’ हा जुना शब्द आहे. त्यात मोजदाद घरांची आहे. दुसरा शब्द ‘शिरगणती’. त्यात मोजदाद डोक्यांची आहे. तोंड, हात आणि डोके, या तीन शब्दांत आजच्या व्याख्यानाचा सारा आशय मावतो. चीनची माणसे अनेक शतके तोंडे म्हणून मोजली गेली, पुढे त्यांचे हात झाले, आणि हे हात कामाचे ठरले ते त्यांच्या डोक्यांवर आधी मेहनत झाली होती म्हणून. ती मेहनत कोणी व कधी केली, हे मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

२. रताळे आणि माणसे

बेळगाव तालुक्याच्या या पश्चिम भागात रताळ्याचे पीक आपल्या परिचयाचे आहे. तांबड्या मातीत पावसाळ्याच्या तोंडी वेल लावावेत, पुढे काढणी करून माल बेळगावच्या बाजारात न्यावा, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. जगातील रताळ्यांपैकी निम्म्याच्या आसपास पीक आज एकट्या चीनमध्ये निघते. मात्र हे पीक चीनचे मूळचे नव्हे. दक्षिण अमेरिकेतून निघालेले रताळे स्पॅनिश लोकांबरोबर फिलिपिन्स बेटांत आले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लुझोन बेटावरून चीनच्या फुजियान प्रांतात पोहोचले.

भात मुख्यतः पाणथळ सपाटीवर पिकतो. रताळे डोंगरउतारावर, हलक्या जमिनीतही येते. रताळे, मका यांसारख्या पिकांमुळे चीनमधील डोंगराळ पडीक जमीन लागवडीखाली आली आणि लोकसंख्येच्या वाढीला त्याचा हातभार लागला, असे अनेक इतिहासकार मानतात. १८५० च्या सुमारास ही लोकसंख्या चाळीस कोटींच्या पुढे गेली होती. १९५३ मध्ये साम्यवादी राजवटीने पहिली जनगणना केली, तेव्हा ती सुमारे ५८ कोटी भरली. तोंडे वाढली, पण प्रत्येक तोंडाच्या वाट्याला येणारा घास काही वाढला नव्हता.

३. १८८२ सालचे दोन प्राध्यापक

१८८२ या एकाच वर्षी दोन माणसे जन्माला आली. एक महाराष्ट्रात, रघुनाथ धोंडो कर्वे, आणि दुसरी चीनमध्ये, मा यिन्चू. दोघेही प्राध्यापक होते, दोघांनीही जन्मदराविषयी अप्रिय बोलण्याचे धाडस केले, आणि दोघांनाही त्यापायी आपले पद सोडावे लागले.

कर्वे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. अशा विषयात पडणारा माणूस महाविद्यालयात नको, असा तो काळ होता. त्यांनी नोकरी सोडली आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. कर्व्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी स्त्री होती. मूल कधी व्हावे आणि किती व्हावीत हे जिला सोसावे लागते तिनेच ठरवावे, हे त्यांचे सूत्र.

मा यिन्चू हे अर्थशास्त्रज्ञ, पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू. १९५७ मध्ये त्यांनी राष्ट्रीय लोकसभेपुढे आपला ‘नवा लोकसंख्याविचार’ मांडला. माणसे याच वेगाने वाढत राहिली तर शिल्लक सारी खाण्यातच जाईल, कारखान्यांना आणि शाळांना भांडवल उरणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. उशिरा विवाह, गर्भनिरोधन आणि लोकशिक्षण हे उपाय त्यांनी सुचविले. गर्भपाताला त्यांचा विरोध होता. त्या वेळी राज्यकर्त्यांची श्रद्धा अशी की, माणसे जितकी अधिक तितके राष्ट्र बलवान. मा यांच्यावर टीकेचा भडिमार झाला आणि १९६० मध्ये त्यांना कुलगुरुपद सोडावे लागले.

त्याच सुमारास चीनवर मोठे संकट कोसळले. १९५८ मध्ये ‘मोठी झेप’ घेण्याच्या नादात शेतकऱ्यांना सामुदायिक शेतीत कोंडण्यात आले, गावोगावी लोखंड वितळविण्याच्या भट्ट्या पेटविण्यात आल्या आणि पिकाचे फुगविलेले आकडे वर पाठविण्यात आले. त्या खोट्या आकड्यांच्या आधारे धान्य उचलले गेले. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांतील दुष्काळात दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत माणसे दगावल्याचे निरनिराळे अंदाज आहेत. खरे बोलणाऱ्या प्राध्यापकाला गप्प करणारी व्यवस्था गावचा खरा आकडाही ऐकू शकली नाही. मा यांना १९७९ मध्ये सन्मानाने परत बोलाविण्यात आले. तेव्हा त्यांचे वय सत्त्याण्णव होते आणि चीनची लोकसंख्या शंभर कोटींच्या उंबरठ्यावर होती.

४. सक्तीच्या आधी काय घडले?

आपल्याकडे एक समज रूढ आहे. चीनने ‘एकच मूल’ हा कायदा केला, माणसे आटोक्यात आणली आणि म्हणून तो श्रीमंत झाला, असे चहाच्या टपरीपासून व्यासपीठापर्यंत सर्वत्र ऐकू येते. कालक्रम पाहिला की हा समज टिकत नाही.

१९७० च्या सुमारास चिनी स्त्रीला सरासरी जवळजवळ सहा मुले होत. १९७९ मध्ये हा आकडा २.८ पर्यंत उतरला होता. एक मुलाचे धोरण देशभर लागू करण्याचे जाहीर पत्र निघाले २५ सप्टेंबर १९८० रोजी. म्हणजे जन्मदराची मोठी घसरण त्या धोरणाच्या आधीच्या दशकात झाली. त्या दशकात ‘उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर, मुले थोडी’ अशी मोहीम होती आणि तिच्यातही दडपण होतेच. तथापि घसरणीची जमीन त्याआधीच तयार झाली होती. १९६८ पासून खेड्यापाड्यांत ‘अनवाणी डॉक्टर’ फिरू लागले होते. शेतकऱ्यांतूनच निवडलेले हे तरुण लस टोचीत, बाळंतपण पाहत, पाणी उकळून पिण्यास शिकवीत. जन्मलेले मूल जगेल अशी खात्री पटली की आईबाप कमी मुलांवर थांबतात. माझ्या आईला आठ अपत्ये झाली आणि आम्ही पाचच वाढलो. ती तीन गेलेली मुले हेच पुढच्या बाळंतपणांचे कारण होते, हे मला फार उशिरा कळले.

साक्षरतेचेही तसेच. १९८२ च्या जनगणनेत चीनमधील प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश साक्षर आढळले. १९८१ च्या भारतीय जनगणनेत सात वर्षांवरील लोकांत हे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास होते. त्या सुमारास चिनी माणसाचे सरासरी आयुर्मान पासष्टीच्या पुढे गेले होते, आपले पंचावन्नच्या आसपास होते. अमर्त्य सेन आणि ज्याँ ड्रेझ यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात भारत आणि चीन यांची तुलना करताना नेमके यावर बोट ठेवले : चीनने बाजार खुला केला तेव्हा त्या बाजारात उतरण्यास लागणारी शिकलेली, धडधाकट माणसे त्याच्यापाशी आधीच तयार होती.

बाजार खुला झाला तो १९७८ च्या अखेरीस. त्याच हिवाळ्यात आन्हुई प्रांतातील शिआओगांग या गावच्या अठरा शेतकऱ्यांनी सामुदायिक जमीन गुपचूप घरटी वाटून घेतली होती. ठरलेला वाटा सरकारला द्यायचा, उरलेले पीक ज्याचे त्याचे. पीक वाढले आणि देंग शियाओपिंग यांच्या राजवटीने हीच रीत पुढे देशभर मान्य केली. १९८० मध्ये शेन्झेन येथे विशेष आर्थिक क्षेत्र निघाले. शेतीतून मोकळे झालेले तरुण हात, त्यांत लक्षावधी मुलींचे हात, समुद्रकाठच्या कारखान्यांकडे वळले.

५. लाभांशाचे गणित

अर्थशास्त्रज्ञ ज्याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात तो काय, हे येथे नीट समजून घेऊ.

एक घर कल्पा. नवरा-बायको राबतात आणि पदरात सहा मुले. दोन माणसांच्या मिळकतीत आठ तोंडे. शिल्लक शून्य. पंचवीस वर्षांनी चित्र पालटते. त्यांच्या मुलांपैकी एकाचे घर पाहा. नवरा-बायको दोघे मिळविती, मुले दोन, एक म्हातारी आई. भाऊबहीण सहा असल्याने तिचा भार वाटला गेलेला. आता शिल्लक उरते. ती बँकेत जाते, मुलांच्या शिक्षणात जाते, नव्या धंद्यात जाते. सारा देशच अशा घरांचा झाला की एक काळ असा येतो की हात पुष्कळ आणि तोंडे थोडी. चीनमध्ये १९६४ साली दर शंभरांत चाळीस माणसे पंधरा वर्षांखालील होती. २०१० मध्ये शंभरांतील सत्तर पंधरा ते एकोणसाठ या वयातील होती. याच काळात चीनचे उत्पन्न तीन दशके वर्षाला सरासरी नऊ-दहा टक्क्यांनी वाढले. जागतिक बँकेच्या हिशेबाने चाळीस वर्षांत जवळजवळ ८० कोटी माणसे अतिदारिद्र्याबाहेर आली. १९९० च्या सुमारास आपले आणि चीनचे दरडोई उत्पन्न जवळजवळ सारखे होते. आता त्यांचे आपल्या सुमारे पाचपट आहे.

आपल्या सीमाभागात पतसंस्थांचे जाळे आहे, म्हणून लाभांश हा शब्द आपणांस नवा नाही. ज्याने भाग भरला त्यालाच लाभांश मिळतो. लोकसंख्येचेही तेच आहे. नुसते हात असून भागत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात पिढ्यान्पिढ्या हजारो स्त्रियांचे हात राबले. त्या हातांना कष्टाची वाण नव्हती. शाळेचा भाग मात्र त्यांच्या नावे कोणी भरला नव्हता, आणि म्हणून त्यांच्या राबण्याचा लाभांश दुसऱ्याच्याच खात्यावर जमा होत राहिला.

६. सक्तीची किंमत

एक मुलाचे धोरण १९८० पासून २०१५ अखेरपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे चालले. दंड, नोकरीवरील गदा, सक्तीच्या शस्त्रक्रिया आणि सक्तीचे गर्भपात, हे सारे त्यात घडले. आणि ज्या समाजात वंशाला दिवा हवा, तेथे एकच मूल म्हटल्यावर ते मुलगाच असावे हा हट्ट आला. २००४ च्या सुमारास चीनमध्ये शंभर मुलींमागे सुमारे १२१ मुलगे जन्मत होते. त्या न जन्मलेल्या मुलींची जागा आज रिकामी आहे, आणि कोट्यवधी तरुणांना संसार थाटता येत नाही.

परंतु चीनकडे बोट दाखविताना आपली बोटेही पाहावीत. आपल्याकडे एक मुलाचा कायदा कधीच नव्हता, तरी २००१ च्या जनगणनेत निपाणीच्या पलीकडील कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली होत्या. राजर्षी शाहूंच्या, सुबत्तेच्या आणि शाळांच्या जिल्ह्याची ही गोष्ट. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला होता. सरकारची सक्ती नसली तरी घरातील सक्ती मुलगी नाहीशी करू शकते.

सरकारी सक्तीही आपण अनुभवली आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षी देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले होते. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, हे आपले भाग्य.

सक्तीवाचून काय साधते, याचा पुरावा केरळने दिला. १९७९ मध्ये केरळमधील स्त्रीला सरासरी तीन मुले होत, चीनमध्ये २.८. १९९१ मध्ये केरळ १.८ वर होते, चीन २ वर. मुलींच्या शाळा आणि गावोगावचे दवाखाने यांनी सक्तीपेक्षा अधिक काम केले. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्याच वाटेने थोडे उशिरा गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये दोन्ही राज्यांत हा आकडा सुमारे २.९ होता, २०१९-२१ मध्ये दोन्हीकडे १.७. राज्याच्या सीमेवरून आपण कितीही भांडलो, तरी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आयांनी निर्णय एकच घेतला. कर्व्यांना हे पाहावयास मिळाले असते तर आनंद झाला असता.

७. उतरणीवरचा चीन

लाभांशाचा काळ कायम राहत नाही. आज राबणारा हात उद्या म्हातारा होतो आणि त्याला दुसऱ्याच्या हाताचा आधार लागतो. मागची पिढी लहान असेल तर तो आधार कमी पडतो. लोकसंख्या टिकून राहण्यास दर स्त्रीमागे सरासरी २.१ मुले लागतात. २०२० मध्ये चीनचा आकडा १.३ होता. कामाच्या वयाच्या माणसांची संख्या २०१२ मध्येच घटू लागली. साठी ओलांडलेली माणसे २०२० मध्ये २६ कोटींवर गेली. २०२२ मध्ये दुष्काळाच्या वर्षांनंतर प्रथमच चीनची एकूण लोकसंख्या घटली, आणि २०२३ मध्ये सर्वाधिक लोकसंख्येचा देश हे बिरुद भारताकडे आले.

राज्यकर्त्यांनी २०१६ पासून दोन आणि २०२१ मध्ये तीन मुलांची मुभा दिली. पाळणे काही हलले नाहीत. ज्या समाजाला पस्तीस वर्षे एकावर थांबण्याचे शिकविले, त्याला सरकारी पत्रकाने दुसरे मूल होत नाही. २०२३ या एका वर्षात चीनमधील बालवाड्यांची संख्या चौदा हजारांहून अधिक घटली. निवृत्तीचे वय २०२५ पासून टप्प्याटप्प्याने वाढविले जात आहे.

या हिशेबात न दिसणारे आणखी एक दुःख आहे. चीनमध्ये ‘हुकोउ’ नावाची नोंदपद्धती आहे. गावात नोंद असलेल्या माणसाला शहरात काम मिळते, परंतु त्याच्या मुलाला तेथील शाळा सहजी मिळत नाही. त्यामुळे आईबाप शहरात आणि मुले आजी-आजोबांपाशी गावात, अशी कोट्यवधी घरे दुभंगली. पैसा आला, घरे पक्की झाली, पण रात्री त्या घरांत निजतात ती केवळ म्हातारी आणि नातवंडे.

८. आपले घर

हे ऐकताना आपणांपैकी काहींना आपलीच गल्ली आठवली असेल. आपले तरुण बेळगावच्या उद्यमबागेत, गोव्यात, पुण्या-मुंबईत गेले. मला दोन मुले, माझ्या मुलीला एकच. ज्या घरात आम्ही पाच भावंडे दाटीवाटीने निजत होतो, त्याला वर्षातून बहुतेक दिवस कुलूप असते. खेड्यातील मराठी शाळांचा पट दर जूनला कमी होताना आपण पाहतो. त्याची कारणे अनेक आहेत. भाषेचे कारण आपण नेहमी बोलतो आणि ते खरेही आहे. परंतु मुळात मुलेच कमी जन्मत आहेत, हे कारण आपण सहसा बोलत नाही.

चीन आणि आपण यांत एक फरक आहे, आणि तो काळजीचा आहे. चीनने लाभांशाच्या काळात पुष्कळ मिळविले, मग तो म्हातारा होऊ लागला. आपल्या या दोन राज्यांत जन्मदर आधीच १.७ वर आला आहे आणि दरडोई उत्पन्न अजून चीनच्या बरेच मागे आहे. हात अधिक, तोंडे कमी, हा काळ आपल्या हाती अजून काही वर्षे आहे. पुन्हा तो येणार नाही. आज जी मुलगी आठवीत आहे तिला शाळा सुटली, तर तिच्या वाट्याचा लाभांश कायमचा बुडाला. पट कमी झाला म्हणून शाळेकडे पाठ फिरविणे हा त्यावर उपाय नव्हे. वर्गात पूर्वी साठ मुले असत. आता वीस असतील तर प्रत्येकाला तिप्पट लक्ष मिळावयास हवे, कारण पुढे त्याच वीस जणांना साठ जणांचा भार वाहावयाचा आहे. आणि जे वृद्ध गावात एकटे उरले आहेत, त्यांची विचारपूस हेही यापुढे गावाचे एक काम समजावे लागेल.

आता प्रारंभी दिलेले वचन पुरे करतो. गुरुजी दर जूनमध्ये पावसात छत्री घेऊन घरोघर फिरत. ते दिवस भाताच्या रोपांचे आणि रताळ्याचे वेल लावण्याचे. ‘गुरुजी, पोरगीचे हात शेतात लागतात,’ असे आईबाप म्हणत. गुरुजी वाद घालीत नसत. ‘लावणी उरकली की पाठवा, मी तिचे नाव पटावर ठेवतो,’ एवढेच म्हणत, आणि खरोखरच लावणी उरकली की पुन्हा दारात उभे राहत. त्यांपैकी कित्येक मुली पुढे शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, बचतगट चालवू लागल्या. त्यांच्या घरी दोन मुले आहेत आणि ती दोन्ही शिकली. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती.

चीनचा इतिहास वाचताना मला त्या छत्रीची आठवण होत राहिली. देशाच्या उत्पन्नाचे मोठे आकडे राजधानीत जाहीर होतात. त्यांचा पहिला आकडा गावच्या शाळेच्या हजेरीपटावर लिहिलेला असतो. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, येत्या जूनमध्ये आपल्या गल्लीतील शाळेबाहेर राहिलेल्या एका मुलीच्या दारात आपण उभे राहावे. गुरुजींचे स्मरण त्याहून अधिक चांगल्या रीतीने करता येईल असे मला वाटत नाही.